दारू प्यायलाय की साखर उतरलीये?

रस्त्यात कुणी कोसळलं तर पोलिसांनी प्रथमोपचार करावेत का? 'पोलीस डॉक्टर नाहीत, त्यांनी १०८ ला फोन लावावा आणि गर्दी हटवावी' असं काही जण म्हणतात. अर्धं पटतं. पण मुंबईत संध्याकाळी सायन ते घाटकोपर रस्ता तुंबलेला असताना रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटं कुणाची? हृदय बंद पडलं तर छाती दाबल्याशिवाय गेलेल्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. मिनिटाला १०० ते १२० वेळा, जोरात छाती दाबणं हवालदारालाही शिकता येतं.

मला जास्त काळजी वेगळीच आहे. माझ्या काकांना मधुमेह. एकदा दादर स्टेशनाबाहेर त्यांची साखर उतरली. घामाघूम, बोलणं अडखळतंय, तोल जातोय. बंदोबस्तावरच्या शिपायाने 'बेवडा आहे, बसवून ठेवा' म्हटलं. शेजारच्या फुलवालीने खिशातलं इन्शुलिनचं कार्ड पाहिलं आणि उसाचा रस पाजला, म्हणून वाचले. तेही शुद्धीत होते, गिळू शकत होते म्हणून. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं. डोक्याला मार लागलेला किंवा फिट येऊन गेलेला माणूसही असाच झिंगल्यासारखा दिसतो. तोंडाला दारूचा वास आला तरी साखर तपासायलाच हवी.

आणि पंचनामा नंतर! परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितलंय, आधी जीव, मग कायद्याचे सोपस्कार.