हिवाळ्यात घरच्यांसोबत दिवसभराची डोंगरभटकंती: अनुभव धागा

आज मोज्यांतली कुसळं वेचता वेचता चाळीसगावजवळची पाटणादेवी आठवली, म्हणून धागा काढते. कन्हेरगड, नागार्जुन लेणी, सीतान्हाणी नि शेवटी देवी, असा बेत असेल तर चाळीसगाव अंधारातच सोडा. देऊळ डोंगराच्या उत्तर कुशीत आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला, त्यामुळे कड्याची सावली दरीत लवकर उतरते. सूर्यास्त सहाच्या सुमारास, पण झाडीत पाचलाच अंधारून येतं. दुपारी १ वाजता असाल तिथून माघारी फिरा. आजी-आजोबा सोबत असतील तर उतरायलाही चढण्याइतकाच वेळ धरा. वाळलेल्या गवताखाली सुटा मुरूम असतो, पाय आडवा टाका.

— ताई, कुसळं आधी वेचा, मग मोजे भिजवा. ओल लागली की कुसळाच्या शेपटीचा पीळ उलगडतो नि टोक आत शिरतं. मागे ओढू नका, उलटे केस अडकतात. टोक पुढे काढून तिकडूनच ओढायचं.

— खाजकुहिली कोणीच लिहिली नाही! याच दिवसांत शेंगा वाळतात, वाऱ्याने लव उडते. पोरांना चोळू देऊ नका. चिकटपट्टी लावून उपटायची, दोन-तीनदा, मग साबण-पाणी.

— कळण्याच्या भाकरी न्या भाऊ. ४ वाट्या ज्वारीला १ वाटी उडीद, मीठ दळतानाच. पूर्ण गार झाल्याशिवाय फडक्यात बांधायच्या नाहीत, वाफेचं पाणी सुटून चिकट होतात. सोबत शेंगदाण्याची कोरडी चटणी.

— आणि भरीत?? पुण्यात ती वांगी मिळत नाहीत हो 😢

— जळगावकडच्या बामणोदची मागवा वहिनी. हिरवी, मोठी, बिया कमी. तुरकाट्यांवर (तुरीच्या वाळक्या काटक्यांवर) भाजा, गॅसवर ती चव नाही.

— पाणी माणशी ३ लिटर. थंडीत तहान कळत नाही, पोरांना दर अर्ध्या तासाला घोट घोट द्या. ओढ्यांच्या भरवशावर राहू नका.

— पितळखोऱ्याच्या लेण्यांकडे जाणार असाल तर वनखात्याला विचारून, वाटाड्या घेऊनच. कड्याला आग्या मोहोळ असतं. अत्तर नको, चूल नको, उदबत्तीसुद्धा नको. माशा उठल्याच तर हात न झटकता डोकं-तोंड ओढणीने झाकून लांब निघा, पोरं आधी.

— तोरणमाळला याच बेताने जमेल का? सासूबाई ६८ च्या आहेत.

— जमेल ताई. गाडी वरपर्यंत जाते, तळ्याकाठचं चालणं सपाट आहे. कानटोपी मात्र विसरू नका.

— तुरकाट्या कुठून आणू आता 🙏