मुन्नार की उटी? आई सोबत, पाच दिवस, ३० हजार

कुळागरवाली (फोंडा):
नमस्कार. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात चहाचे मळे बघायला जायचं चाललंय. आम्ही दोघं, सातवीतला मुलगा आणि आई. आई ६८ची, गुडघे कुरकुरतात. मामाने दिलेला एक लोकरी स्वेटर दहा वर्षं पेटीत डांबरगोळ्यांच्या सोबतीला पडून आहे. तो अंगात घालून थंडीत चहा प्यायचा, एवढीच तिची इच्छा. फोंड्यात ते या जन्मी होणार नाही. सगळं धरून ३० हजार, विमान नको. मुन्नार बरं की उटी?

घाटवाट:
डोळे मिटून उटी. आणि स्वतःची गाडी काढा, तरच मजा. आम्ही गेल्या वर्षी नवी एसयूव्ही घेऊन हुबळी-म्हैसूरवरून गेलो. फक्त एक लक्षात ठेवा, बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. आम्ही फाटकावर ९ वाजून १० मिनिटांनी पोचलो! रात्र गुंडलुपेटला गाडीतच काढली. सकाळी कल्हट्टी घाटाची ३६ वळणं, बायकोला वांत्या, पण काय ते दृश्य!

सांतेरी_मडगाव:
अहो, त्या ३० हजार म्हणतायत, तुम्ही एसयूव्ही काढायला सांगताय. डिझेलमध्येच अर्धे जातील. आणि गुडघेदुखीच्या बाईला गाडीत रात्र काढायला लावणार?
ताई, मडगावहून मंगला किंवा नेत्रावती पकडा, स्लीपर. एर्नाकुलमला नाही, त्याच्या आधी अलुव्याला उतरा. तिथून मुन्नार साधारण ११० किमी, केरळच्या सरकारी बसने चार-साडेचार तास. वाटेत चीयप्पारा धबधबा रस्त्यालाच लागतो, चढउतार नाही. फेब्रुवारीत पाणी बारीक असेल, ते सोडा.

मयेकार:
कोणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये एरविकुलम राष्ट्रीय उद्यान बंद ठेवतात. नीलगिरी ताहर, म्हणजे ते डोंगरी बोकड, त्यांच्या विणीचा काळ असतो तो. आम्ही मार्चमध्ये फाटकावरून परत आलो. ट्रॅव्हलवाल्याने पैसे आधीच घेतले होते आणि यादीत ‘एरविकुलम’ ठळक अक्षरांत छापलं होतं. विचारलं तर म्हणे, बाहेरून दिसतं. बाहेरून आम्हाला एक चहाची टपरी दिसली. जानेवारीत जा, नाहीतर एप्रिलमध्ये.

दर्यावर्दी:
ती निळी फुलं नक्की बघा, अख्खा डोंगर निळा होतो म्हणतात!

मयेकार:
नीलकुरिंजी बारा वर्षांतून एकदा फुलते हो. २०१८ला फुलली, आता २०३०.

म्हापशेकरीण:
२०१८चं नाव काढू नका. आम्ही त्याच फुलांसाठी तिकिटं काढली आणि ऑगस्टमध्ये केरळात महापूर. तिकिटांचे पैसे मिळाले, हॉटेलवाला अजून ‘पुढच्या वेळी वळते करू’ म्हणतोय.
मला विचाराल तर उटी. मेट्टुपालयमहून झुकझुक गाडी आहे, ४६ किमी, कुन्नूरपर्यंतच्या चढावर दातेरी रुळांवरून चढते. मुलगा खूश होईल.

सांतेरी_मडगाव:
चढायला पाच तास लागतात आणि तिकीट आधी काढलं नाही तर मिळत नाही. रेल्वे मुन्नारलाही होती, १९२४च्या पुरात वाहून गेली. मुन्नारजवळच्या टॉप स्टेशन या जागेचं नाव तेव्हाचंच. तिथून रोपवेने चहा खाली तमिळनाडूत जायचा.

घाटवाट:
गाडी असती तर तिकिटाचा प्रश्नच नाही. उटीला ई-पास लागतो, ऑनलाइन काढायचा. आणि प्लास्टिकच्या बाटल्या नेऊ नका, नीलगिरीत बंदी आहे. आमच्या सहा काढून घेतल्या.

डिचोलीचा_चहाबाज:
चहाबद्दल कोणी बोलतच नाही! मळ्यातून उंची पानांचा चहा आणू नका. मी आणला, दूध घातलं तर नुसता पिवळा. बायको म्हणाली, याला चहा म्हणायचं की काढा? आपल्याला सीटीसी, म्हणजे बारीक दाणेदार, तोच लागतो.

म्हापशेकरीण:
त्या चहात दूध घालायचंच नसतं.

डिचोलीचा_चहाबाज:
दूध न घातलेल्याला आमच्याकडे चहा म्हणत नाहीत.

पेडणेकर_मास्तर:
मुन्नारला नल्लतण्णीचं चहाचं संग्रहालय चुकवू नका. पानं कशी चिरडतात, कशी वाळवतात ते यंत्रांवर दाखवतात. सोमवारी बंद असतं. चहाचं झुडूप छाटलं नाही तर मोठं झाड होतं, हे मला तिथे कळलं, आणि मी ३२ वर्षं विज्ञान शिकवलं! केरळच्या सरकारी बसची साइटसीइंग फेरी टॉप स्टेशनकडे नेते, टॅक्सीपेक्षा पुष्कळ स्वस्त. आईंनी तिथे वरच बसावं. खाली उतरायची वाट गुडघ्यांना मानवणार नाही.

मयेकार:
पुन्हा सांगतो, फेब्रुवारी नको.

कुळागरवाली (फोंडा):
सगळ्यांचे आभार. घरी वाचून दाखवलं. बोकडांचं ऐकून आई म्हणाली, “बोकड बघायला एवढ्या लांब कशाला? शेजाऱ्याचे रोज आपल्या कुळागरात घुसतात.” तेव्हा एरविकुलम बंद तर बंद, मुन्नार, तेही फेब्रुवारीतच. एप्रिलमध्ये काजूचं काम असतं, मला हलता येत नाही. मडगाव-अलुवा तिकिटं काढली. संग्रहालय मंगळवारी. नवऱ्याला अजून उटीच हवी होती, पण त्याला स्वेटर नाही.
एकच राहिलं. डांबरगोळ्यांचा वास कसा घालवायचा?

म्हापशेकरीण:
दोन दिवस सावलीत वारा लागेल असा टांगा. लोकर उन्हात ठेवू नका.

पेडणेकर_मास्तर:
उन्हातच ठेवा. वास उन्हानेच जातो.

घाटवाट:
अजून वेळ आहे ताई, गाडी काढा.