प्रति पार्सल किलोमीटर पुरेसे नाहीत
पार्सल पोचवणाऱ्या गाडीचा रूट मोजताना 'प्रति पार्सल किलोमीटर कमी म्हणजे रूट चांगला' असं म्हणतात, ते अर्धंच खरं आहे. एकाच ऑफिसात ४० पाकिटं टाकली की आकडा आपोआप सुधारतो, रूट आहे तसाच राहतो. म्हणून पार्सल नाही, स्टॉप मोजा.

त्यातही गोदाम ते पहिला स्टॉप आणि शेवटचा स्टॉप ते गोदाम हे अंतर बाजूला काढा. समजा, ४८ किमी आणि ६० स्टॉप. येण्याजाण्याचे १६ वजा केले की उरले ३२ किमी आणि स्टॉपमधली ५९ अंतरं, म्हणजे दोन स्टॉपमध्ये सरासरी सुमारे ०.५४ किमी. स्टॉपचा क्रम बदलून सुधारणा होईल ती मुख्यतः इथेच. ते १६ किमी कमी करायचे तर गोदाम किंवा कोणत्या गाडीला कोणता भाग ही विभागणी बदलावी लागते.

वेळेचं मोजमाप जास्त फसवं. डिलिव्हरी बॉय कधीकधी पाच घरं उरकून गाडीपाशी येतो आणि पार्सल पोचल्याची नोंद करणारे पाचही स्कॅन एकदम मारतो. मग चार स्टॉपना शून्य मिनिटं आणि एकाला वीस. स्कॅनची वेळ जीपीएसच्या थांब्याशी ताडून पाहा. सरासरीऐवजी मध्यक (वेळा क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी) घ्या.

पिकअप, म्हणजे पाठवणाऱ्याकडून माल उचलण्याचे स्टॉप, वेगळे धरा. माल पॅक नसेल तर थांबावं लागतं, तो दोष रूटचा नव्हे. आणि पहिल्याच फेरीत किती पार्सलं पोचली हे सोबत नसेल तर बाकी आकडे शोभेचे: परत आलेलं पार्सल उद्या पुन्हा तोच स्टॉप खातं.