सातवीचे शेवटचे दहा दिवस: परीक्षा संपल्यावर तुमच्या वर्गात काय काय केलंत?

मळ्याची_वाट

पावसाआधी कौलं परतून घ्यायची आहेत म्हणून काल माळा रिकामा करायला घेतला. पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी एक वही सापडली. सुतळीनं शिवलेली, वर जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा, त्यावर पोस्टर कलरनं 'हस्तलिखित, इयत्ता सातवी'. तिथंच जिन्यावर बसून तासभर वाचत राहिले. काम तसंच पडलं.

आमच्या भागातल्यांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी लिहिते. कर्नाटकात, बेळगावकडं, आमची मराठी प्राथमिक शाळा सातवीपर्यंत. आठवीपासून हायस्कूल वेगळं, बहुतेकदा गावही वेगळं. मार्चअखेर परीक्षा संपायची, १० एप्रिलला निकाल लागायचा आणि मधले आठ-दहा दिवस धडे नसायचे. आमच्या गुरुजींनी त्या दिवसांत एकच काम दिलं: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडून एक खरी घडलेली गोष्ट लिहून आणायची. पुस्तकातली चालणार नाही.

माझी आजी जांबोटीकडची. तिनं सांगितलं ते असं आहे वहीत: "आमी पाटी डोईवर घेऊन खानापूरच्या बाजाराला चालत जायचो. करवंदं द्यायची आन चिपट्यानं तांदूळ घ्यायचं. येताना अंधार पडला की गाणी म्हणत यायचो, भ्या वाटायचं म्हणून." (चिपटं म्हणजे धान्य मोजायचं जुनं माप.) मी ते पहिल्यांदा घरी बसून शुद्ध करून लिहिलं होतं. गुरुजींनी वाचलं आणि विचारलं, आजी असंच बोलली का? मी नाही म्हटलं. "मग जा, ती बोलली तसं लिहून आण." दुसऱ्यांदा लिहिलेलं पान शिवलंय. आजी जाऊन खूप वर्षं झाली. तिचा आवाज कुठं रेकॉर्ड केलेला नाही, हे एक पान तेवढं आहे.

तुमच्या शाळेत शेवटच्या दिवसांत काय करायचे? पाचवी, सहावी, सातवी, कुठलीही चालेल. लिहा.

काळी_माती

आजीचं वाचून डोळ्यात पाणी आलं हो. माझी आजीपण डोंगरातली. आता पोळ्या करालोय, रात्री लिहितो सविस्तर.

येळ्ळूरकर

आमच्यात प्रकल्प वगैरे काय नव्हतं. बाकं विहिरीवर न्यायची आणि विटेच्या तुकड्यानं घासायची. फळा काळा करायचा मान सातवीचा. कोळशाची पूड आणि तोंडल्याच्या वेलाचा पाला चोळायचा, हात दोन दिवस हिरवे-काळे. वाळल्यावर त्यावर पहिली रेघ कोण ओढणार यावरनं भांडणं. पुढच्या वर्षीच्या मुलांना आम्ही केलेला फळा मिळणार याचा लई अभिमान वाटायचा.

जांभा_दगड

खानापूर तालुका. आमच्या भूगोलाच्या गुरुजींनी सहावीच्या शेवटी अंगणात मलप्रभा करायला लावली. कागदावर नव्हे हां, जमिनीवर, वीस पावलं लांब.

खानापूरला कुंभारकाम जुनं, कुंभारकामाची प्रशिक्षण संस्थापण आहे, त्यामुळे माती मिळायला अडचण नव्हती. शाळेशेजारच्या कुंभारमामांनी दोन घमेली भिजवलेली माती दिली. एका टोकाला दगड रचून उंच केलं, ती कणकुंबी. तिथून उतार देत देत खानापूर, पुढं एम. के. हुबळीचा पूल (दोन विटांवर फूटपट्टी ठेवून), मग सौंदत्तीकडं नविलुतीर्थचं धरण, त्याला पाटीचा तुकडा उभा लावलेला. पुढं पट्टदकल. तिथं एका मुलीनं खडूचे तुकडे रचून देवळं केली. शेवटी कूडलसंगम, कृष्णेला मिळते तिथं. ३०४ किलोमीटरची नदी वीस पावलांत बसवायची म्हणजे एका पावलात किती किलोमीटर, हे गणित आम्ही अंगणातच काठीनं सोडवलं. वर्गात तेच प्रमाण कुणाला येत नव्हतं.

मग कणकुंबीवरनं तांब्यानं पाणी सोडलं.

निपाणीची_सून

पोचलं का संगमाला?? असं कुठं सोडून जातात!

जांभा_दगड

पाहुणे आले होते. 🙏

नाही पोचलं. हुबळीच्या पुलाअलीकडंच मुरलं सगळं. अख्खा वर्ग गप्प. गुरुजी काही बोलले नाहीत, नुसतं विचारलं "का?" कोण म्हणतंय उतार कमी, कोण म्हणतंय पाणी कमी. आमच्यातला एक मुलगा अभ्यासात मागं, त्याचे वडील विटांच्या भट्टीवर. तो म्हणाला, वरच्या टोकाला आपण चिकणमाती लावलीय, खाली नुसता मुरूम आहे, मुरमात पाणी राहत नाही. मग त्यानंच चिकणमातीचा पातळ काला करून सगळ्या पात्राला आतनं लिंपलं. वाळायला एक दिवस. दुसऱ्या दिवशी चौथ्या तांब्याला पाणी धरणापर्यंत आलं, पाटी काढली आणि गेलं की थेट संगमाला. पोरं नाचली.

त्या मुलाला त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवल्या. आज त्याचा स्वतःचा वीटभट्टीचा धंदा आहे. भेटला की अजून नदीचं काढतो.

फळ्याचा_डस्टर

नमस्कार. मी सध्या शिकवते, हुक्केरी तालुक्यात, मराठी शाळा, सहावी-सातवी. हा धागा माझ्यासाठी फार वेळेवर आला. या आठवड्यात आमची परीक्षा संपतेय आणि निकालापर्यंत मुलांना नुसतं बसवून ठेवायचं मला पटत नाही. मुलं कमी कमी होत चाललीत आमच्याकडं. आहेत त्यांना शाळेत यावंसं वाटलं पाहिजे.

मागच्या वर्षी केलेलं सांगते. आमच्या आवारातच कन्नड शाळा आहे. दोन्हीकडच्या मुलांच्या जोड्या लावून शब्दांची वही करायला सांगितली. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. दोन्हीकडं सारखे निघालेले शब्द हिरव्या पेननं, वेगळे काळ्यानं आणि ऐकायला सारखे पण अर्थ वेगळा असे लाल पेननं.

हिरवे भराभर मिळाले: अक्का, अण्णा, अज्जी, तूप-तुप्पा, चिरमुरे-चुरमुरी. काळे: पाणी-नीरु, चिंच-हुणसेहण्णु, कांदा-उळ्ळागड्डी. खरी मजा लाल शब्दांत. आपली ताई म्हणजे मोठी बहीण, त्यांची तायी म्हणजे आई. त्यांचं हालु म्हणजे दूध, आणि आपले हाल! आपलं अन्न म्हणजे कुठलंही जेवण, त्यांचं अन्ना म्हणजे नुसता भात. एक मुलगा म्हणाला, "बाई, मग तायीनं हालु-अन्ना दिलं म्हणजे ताईनं हाल केले नव्हेत तर आईनं दूधभात दिला." तो आठवडाभर हेच म्हणत फिरत होता.

वही दोन्ही शाळांत एक-एक महिना ठेवतो. या वर्षी काहीतरी नवीन करायचं आहे. जास्त खर्च होणार नाही असं सुचवा.

येळ्ळूरकर

ऊटा राहिलं की बाई! आमच्या हायस्कुलात नवीन पोरगं कन्नड सरांनी "ऊटा आयता?" विचारलं की जाग्यावर उभं राहायचं. त्याला वाटायचं ऊठ म्हणालेत. सर विचारत होते जेवलास का.

रानजाई

खानापूरच्या पश्चिमेला आमच्या घरात पाण्याला उदक म्हणतात, म्हणजे तिसरा रकानापण लागंल. कोकणी बोलणारी मुलं असतील तर घाला.

फळ्याचा_डस्टर

@रानजाई, दोन मुली आहेत तशा. हे लक्षातच आलं नव्हतं माझ्या. घालते.

निपाणीची_सून

माझं माहेरही निपाणीच, म्हणून हे नाव. आमच्या वर्गातल्या निम्म्यापेक्षा जास्त पोरांच्या आया विड्या वळायच्या. सातवीच्या शेवटी बाईंनी सांगितलं, आईच्या कामाचा एक दिवस मोजून आणा. उठल्यापासून झोपेपर्यंत. किती पानं भिजवली, किती कापली, किती विड्या झाल्या, किती नापास करून परत दिल्या.

मी घड्याळ घेऊन आईजवळ बसलो. पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा मारायचा. हजार विड्या पुऱ्या करायला रात्र झाली, त्यातच स्वयंपाक, धुणं, म्हशीचं. आणि हजारातल्या कितीतरी कारखान्यात बाजूला काढल्या, त्याचे पैसे नाहीत. मी वहीत सगळं मांडलं, खरं बेरीज करताना रडू आलं. इतकी वर्षं शेजारी बसून जेवत होतो आणि मोजलं कधीच नव्हतं.

बाईंनी त्या वह्या वर्गात वाचल्या नाहीत. आयांना शाळेत बोलावलं, चहा केला आणि वह्या ज्याच्या त्याच्या आईच्या हातात दिल्या. माझ्या आईला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवली. ती एवढंच म्हणाली, "माझं कुणी लिहून ठेवंल असं वाटलं नव्हतं."

१९८१ चं तंबाखूवाल्या शेतकऱ्यांचं आंदोलन सगळ्यांना माहीत आहे, त्यावर बोलणं होतं. विड्या वळणाऱ्या बायांचं कमी होतं म्हणून लिहिलं.

मळ्याची_वाट

निपाणीची_सून, काय लिहू कळत नाही. आईंना नमस्कार सांगा.

निपाणीची_सून

सांगतो. आहे ती, ८० च्या पुढं आहे. आता माझी नात तिला वाचून दाखवते.

शिरा_उप्पीट

आमच्यात शेवटच्या दिवशी उप्पीट आणि शिरा असायचा, सातवीच्या पोरांनी वर्गणी काढून. कढई शेजारच्या देवळातली. एवढंच आठवतंय, खरं चव अजून तोंडात आहे.

काळी_माती

आलो. आमचं ऐका, आणि कुणी हे करणार असाल तर नीट करा म्हणून सांगतो.

सातवीत सगळ्यांनी मोठेपणीच्या स्वतःला पत्र लिहिलं. वनस्पती तुपाच्या मोठ्या डब्यात घातली, वर मेणबत्ती वितळवून झाकण बंद केलं आणि शाळेच्या आंब्याखाली पुरला. दहा वर्षांनी सगळ्यांनी येऊन काढायचा ठरला. आलो बारा जण. खणलं तर डबा गंजून चाळण, आत चिखलाचा गोळा. आमच्याकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. एका मुलानं काचेच्या बाटलीत गोट्या घालून ठेवल्या होत्या, तेवढ्या जशाच्या तशा. त्या बारा जणांत वाटून घेतल्या, माझी देवघरात आहे.

म्हणून पत्रं लिहा जरूर, खरं पुरू नका. काचेच्या बरणीत घालून शाळेच्या कपाटात ठेवा, वर उघडायचं साल लिहा आणि एसडीएमसीच्या (शाळेच्या पालक समितीच्या) ठरावात नोंद करा. गुरुजींची बदली होते, कपाट राहतं.

जांभा_दगड

ठरावात नोंद, हे लाखमोलाचं बोललात.

नंदगडची_वेस

आमच्या नंदगडात शेवटच्या आठवड्यात रायण्णाचं नाटुकलं बसवायचे. संगोळ्ळी रायण्णा म्हणजे इंग्रजांशी लढलेला कित्तूरच्या राणी चन्नम्माचा शिलेदार. त्याला १८३१ साली इथंच फाशी दिलं, ते वडाचं झाड आम्हाला रोजचं. संवाद मुलांनीच लिहायचे. इंग्रज व्हायला कोणी तयार नसायचं, शेवटी चिठ्ठ्या टाकाव्या लागायच्या. ज्याला इंग्रजाची चिठ्ठी यायची त्याला त्या दिवशी दोन जास्तीचे लाडू.

रानजाई

नंदगड? माझी मावशी तिथं असते, बाजारपेठेत. काजू तिच्याकडनंच येतात आम्हाला.

नंदगडची_वेस

मग ओळख निघणार बघा. निरोप करा.

शाईचा_डाग

माझी सहीची वही आहे अजून. सगळ्यांनी काहीबाही जुळवून लिहिलेलं. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं लिहिलंय, "आंबा पिकला, कैरी कच्ची, आपली मैत्री लई सच्ची." खाली पत्ता लिहायची जागा आहे, ती कोरी. हायस्कूल पाच मैलांवर, एस्टी दिवसातनं दोनदा, म्हणून तिला पुढं घातलं नाही. वर्गात पहिल्या तिनात असायची. मला तेव्हा कळलंच नाही की ती त्या दिवशी शाळेतनं कायमची चाललीय. मी आपली फुलं काढत बसलो होतो वहीवर.

बाई, सातवीतल्या मुलींपैकी कोण आठवीला नाव घालणार नाही, हे सुट्टी लागायच्या आधी एकदा विचारून घ्या. निकालाला घरचे येतात तेव्हाच. माझी एवढीच विनंती.

फळ्याचा_डस्टर

विचारणार. दोन नावं आत्ताच डोळ्यासमोर आली. उद्या सकाळीच त्यांच्या घरी जाऊन येते.

येळ्ळूरकर

बाई, मेट्रिक मेळा करता का? माझ्या मुलीच्या शाळेत झाला. मुलांनी घरची भाजी आणून वजनकाट्यावर विकायची. तिनं वांगी नेली. सकाळी भाव जास्त लावला, कुणी घेईना. अकराला निम्म्यावर आणला तर गर्दीच गर्दी आणि सुटे पैसे देता देता हिशेब चुकला. घरी येऊन दोन तास वही घेऊन बसली होती, १५ रुपये कुठं गेले म्हणून. सापडेपर्यंत जेवली नाही.

फळ्याचा_डस्टर

मेळा जानेवारीत झाला आमचा. आता माझं ठरतंय. आजी-आजोबांची गोष्ट, ते बोलतात तशाच भाषेत. आणि निपाणीच्या बाईंसारखं, लिहून झालं की वही त्यांच्याच हातात द्यायची.

@मळ्याची_वाट, एक विचारू? तुमची ती वही मुलांना दाखवता येईल का? 'बोलतात तसं लिहा' म्हटलं की मुलं घाबरतात, त्यांना वाटतं मार्क जाणार. तुमच्या आजींचं पान बघितलं तर लिहितील.

मळ्याची_वाट

येते की. कधी येऊ?

फळ्याचा_डस्टर

शनिवारी सकाळची शाळा असते, आठला या. आणि चिपटं आहे का घरात? आमच्या मुलांनी मापं बघितलेलीच नाहीत, त्यांना किलोच माहीत.

मळ्याची_वाट

त्याच ट्रंकेत होतं. गंजलंय, चिंच लावून घासून ठेवते. मापटंपण आणते.

रानजाई

करवंदं पिकायला अजून वेळ आहे, नाहीतर पाटीभर पाठवली असती. काजू देऊ का?