पोस्टग्रेसच्या मीटअपला नवख्यांनीही यावं
'मी नुसत्या क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढायच्या आज्ञा) लिहितो, पोस्टग्रेस या डेटाबेसच्या मीटअपला येऊन मला काय कळणार?' असं तुम्ही विचारलंत. निःसंकोच या. मी पहिल्यांदा गेलो ते एकच प्रश्न घेऊन: टेबलात ओळी तेवढ्याच, मग डिस्क का फुगते? चहाच्या वेळी एका ताईंनी कागदावर काढून दाखवलं. अपडेट करताना पोस्टग्रेस जुनी ओळ पुसत नाही, नवी लिहितं. अशा मेलेल्या, म्हणजे आता नको असलेल्या ओळींची जागा नंतर व्हॅक्यूम हे साफसफाईचं काम पुन्हा वापरासाठी मोकळी करतं. आणि मूळ सेटिंगमध्ये ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे आपोआप होणारं व्हॅक्यूम, जागं होतं ते साधारण २० टक्के ओळी मेल्यावर. म्हणजे १० कोटी ओळींच्या टेबलात २ कोटी साठेपर्यंत हालचालच नाही! हा आकडा एकेका टेबलापुरता कमी करता येतो, हे मला तिथेच समजलं. डॉक्युमेंटेशनमध्ये सगळं आहे, फार सुरेख लिहिलंय, पण नेमकं काय शोधायचं हेच सुरुवातीला उमगत नाही.

येताना तुमची एखादी रेंगाळणारी क्वेरी आणि तिचं 'एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ'चं (क्वेरी कशी चालली, कुठे किती वेळ गेला हे दाखवणाऱ्या आज्ञेचं) आउटपुट घेऊन या. ऑफिसचा डेटा मात्र आणू नका, टेबल-कॉलमांची नावंही बदला. शेजारी बसून बघू.