थर्मोस्टॅटही बदला
समुद्राच्या पाण्यावर थंड होणाऱ्या बोटीच्या इंजिनाला हीट एक्स्चेंजर बसवला की इंजिनात कूलंट हा वेगळा द्रव फिरतो आणि खारं पाणी फक्त त्या कूलंटला बाहेरून थंड करतं. 'तो बसवला की खाऱ्या पाण्याची कटकट संपली' असं वर म्हटलंय, ते अर्धंच खरं. इंजिनाच्या पोटात खारं पाणी जात नाही, पण एक्स्चेंजरला ते लागतंच. इम्पेलर (समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपातलं चक्र) आणि झिंकचा दांडा (बाकीचा धातू वाचावा म्हणून स्वतः गंजणारा) तपासत राहावंच लागतं. थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिनाचं तापमान राखणाऱ्या झडपेचा, विषय मात्र कुणीच काढला नाही. खाऱ्या पाण्यावर तो साधारण ६० अंशांचा असतो, कारण त्यापुढे क्षार भराभर धरतात. कूलंट भरल्यावर ८० च्या आसपासचा घाला, नाहीतर इंजिन कायम थंड चालून काजळी धरेल.

आणि त्याआधी इंजिनाच्या आतली जॅकेट (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या वाटा) डिस्केलरने, म्हणजे क्षार विरघळवणाऱ्या द्रावणाने, धुऊन घ्या, हे कळकळीने सांगतो. मालवणात एका जुन्या डिझेल इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडलेलं पाहिलं, शेवटच्या सिलिंडरमागचा मीठ-गंजाचा थर स्क्रूड्रायव्हरने खरवडावा लागला. तोच गाळ सुटून नव्या एक्स्चेंजरच्या बारीक नळ्यांत अडकतो.