हवेचा टेम्परेचर सेन्सर मॅनिफोल्डवरून पाइपात घ्यावा का?

फैजपूरकर:
जुनी पेट्रोल इंजेक्शन गाडी आहे. हवेचा सेन्सर कंपनीने ॲल्युमिनियमच्या मॅनिफोल्डमध्येच (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) बसवलाय. मे महिन्यात निंभोऱ्याकडे जाताना फाटकावर अडकलो की स्कॅनरवर हवा ७२ दाखवतो, बाहेर ४४ असताना. फाटक उघडलं की गाडीत दमच नाही. एसी चालू असला तर केळीचा ट्रॅक्टरही पुढे निघून जातो. सेन्सर फिल्टरमागच्या पाइपात घेतला तर?

भुसावळ गॅरेज:
भाऊ, आधी वायरी मोजा. चार असतील तर तो जोडसेन्सर, मॅनिफोल्डचं प्रेशरही तोच मोजतो, त्याला हात लावू नका. दोन असतील तर हलवता येतो.

पण तो धड आहे का बघा. रात्रभर उभ्या गाडीला सकाळी नुसती चावी द्या. हवा आणि कूलंटचे आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. मग मोकळ्या रस्त्यावर पळवा. आकडा भराभर उतरला तर सेन्सर चांगलाय, धातूची धग खातोय एवढंच, आणि त्या आकड्यावर इंजिनचा कॉम्प्युटर (ईसीयू) हात आखडता घेतो.

जागा फिल्टरनंतर, थ्रॉटलच्या (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) आधी, टोक वाहत्या हवेत. भोकातलं रबरी ग्रोमेट घट्ट हवं, नाहीतर आपल्याकडची धूळ फिल्टर चुकवून थेट सिलिंडरमध्ये. जुनं भोक वॉशर लावून बोल्टने बंद करा. तिथून हवा ओढली की आयडलिंग नाचत राहतं. वायरी सोल्डर करून स्लीव्ह चढवा, पिळून टेप मारायची नाही. उलटसुलट जोडल्या गेल्या तरी चालतं, आत नुसता रेझिस्टन्स आहे.

धुळे डिझेल:
टर्बो असेल तर विसरा. टर्बो हवा दाबून तापवणार आणि सेन्सर मात्र मागे बसून ईसीयूला थंड सांगणार.

फैजपूरकर:
टर्बो नाही, वायरी दोनच. पळताना ५१ वर येतो. सेन्सरच्या जागी लावायचा रेझिस्टर ‘पॉवर चिप’ म्हणून मिळतो, तो कसा?

भुसावळ गॅरेज:
काय भो! तो ईसीयूला बारा महिने खोटी थंडी दाखवतो. पेट्रोल जास्त, टायमिंग (ठिणगीची वेळ) पुढे, आणि ४४ डिग्रीत पालच्या घाटात इंजिनची टकटक (नॉकिंग) सुरू. सेन्सर हलवण्यातही त्यातला थोडा धोका आहेच, कंपनीचा हिशेब मॅनिफोल्डवरच्या आकड्याचा आहे. म्हणून बसवल्यावर एसी लावून, गाडी भरून चढ चढवा. टकटक आली तर मुकाट्याने जुन्या जागी. आणि ताकद वाढेल म्हणून करत असाल तर राहू द्या. फाटकानंतरचा तेवढा मरगळलेला वेळ सुधारेल.